डीबी, पण कशाच्या वर? सप्त्याच्या रेकॉर्डिंगसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

२ मार्च २०२५

गंगाखेडकडच्या गावातली सप्त्याची कमिटी दुकानात येऊन गेली. रामनवमीला सप्ता बसणार, हनुमान जयंतीला काला. साउंड दरवर्षी आपलंच असतं, त्यामुळे बोलणी दोन मिनिटांत उरकतात. या वेळी पैशाचा विषय निघायच्या आधीच एकानं मोबाईल काढून गेल्या वर्षीचं काल्याचं कीर्तन लावलं. महाराज सावकाश बोलतात तोवर ठीक. गजर चढला की आवाज फाटतो आणि मृदंगाची थाप पत्र्यावर गारा पडल्यासारखी येते.

"मंडपात तर बेस वाजत होतं की भाऊ. मोबाईलमधीच काऊन फाटायलंय?"

मोबाईलचा स्पीकर बारीक असतो म्हणून वेळ मारून नेली. ते गेल्यावर मूळ फाइल कॉम्प्युटरवर उघडली, तर सगळ्या लाटांचे शेंडे एका रेषेत कापलेले. दोष माझाच. मिक्सरमधून रेकॉर्डरला गेलेला सिग्नल जास्त होता. किती जास्त? हे मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही सांगता येत नाही. वीस वर्षं दुरुस्तीचा धंदा करूनही मी पातळी दिव्यांवर आणि कानावर लावतो.

म्हणून हे काम: सगळ्या यंत्रांचे आकडे एका मापात आणणारं एक पत्रक, आणि रेकॉर्डरसाठी मोजून बनवलेली एक लीड (जोडतार). मुदत ५ एप्रिल.

५ मार्च

यंत्रांच्या कागदांची फाइल शोधण्यात दुपार गेली. एक कागद उंदरांनी कुरतडलेला, पण आकडे शाबूत. मिक्सरच्या कागदावर आउटपुट +४ डीबीयू (डीबी म्हणजे डेसिबेल, एक पातळी दुसरीच्या किती पट हे लॉगनं सांगणारं माप; मागचं अक्षर ती दुसरी पातळी कुठली ते सांगतं). रेकॉर्डरवर लाइन इन −१० डीबीव्ही. मशीनवर, म्हणजे ॲम्प्लिफायरवर, नुसतं ०.७७५ व्होल्ट. माइकवर −५४ डीबीव्ही प्रति पास्कल. रेकॉर्डरच्या पडद्यावर आणखी वेगळं, तिथे शून्य सगळ्यात वर आणि बाकी सगळे आकडे उणे.

मी लगेच +४ मधून −१० वजा केले आणि वहीत लिहिलं, "फरक १४ डीबी". संध्याकाळी शटर ओढताना लक्षात आलं की हे चूक आहे.

आमच्या आत्याची गोष्ट आठवली. पावसाळ्यात पेपरात रोज नाथसागराची पातळी येते, पंधराशे अमुक फूट. धरण भरतं १५२२ फुटांना. आत्या म्हणायची, "बाई, दीड हजार फूट खोल पाणी!" पैठणची भिंतच मुळी चाळीसेक मीटरची, पाणी इतकं खोल असेल कसं? तो आकडा समुद्रसपाटीपासून धरलेला असतो. आता कुणी विहिरीतलं पाणी तळापासून मोजलं आणि धरणाचं समुद्रापासून, तर त्या दोन आकड्यांची वजाबाकी करून हाती काय लागणार? मी आज तेच केलं. डीबीयूचा तळ ०.७७५ व्होल्ट, डीबीव्हीचा तळ १ व्होल्ट.

९ मार्च

कॉम्प्युटरवर शीट मांडायला घेतली. पहिल्याच सूत्रात गचका. +४ डीबीयूचे व्होल्ट काढले तर १.९५ आले. मिक्सरला टोन (एकाच सुराचा सिग्नल) दिला, दिव्यांवर शून्य आणलं आणि मीटरनं आउटपुट मोजलं, तर १.२३. मिक्सर बिघडला समजून दुसरा लावला. तिथेही १.२३.

मी दहानं भागत होतो, भागायचं विसानं होतं. वॅटसाठी डीबी म्हणजे गुणोत्तराच्या लॉगची दहापट, व्होल्टसाठी वीसपट. कारण वॅट हा व्होल्टच्या वर्गानुसार चालतो. व्होल्ट दुप्पट झाले की त्याच भारावर वॅट चौपट होतात, आणि लॉगमध्ये वर्ग म्हणजे दोननं गुणणं. दहाचे वीस होतात ते इथे. पडताळाही सुंदर निघाला. ०.७७५ वरून १.२३ म्हणजे व्होल्ट १.५८ पट, वॅट २.५१ पट, आणि दोन्ही बाजूंनी उत्तर ४ डीबीच. डीबी एकच, पोचायच्या वाटा दोन.

मीटरबद्दल एक गोष्ट लिहून ठेवतो, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. स्वस्त मल्टिमीटर एसीवर साधारण वायरमनच्या कामापुरतेच भरवशाचे असतात. १ किलोहर्ट्झच्या टोनला माझा पिवळा मीटर कमी दाखवतो. १०० हर्ट्झचा टोन वापरला की नीट येतं.

११ मार्च

०.७७५ हा आकडा आला कुठून? एक व्होल्ट सरळ धरायचा सोडून हे कसलं पाऊण अन् थोडं?

टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले काका चहाला थांबले होते, त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा वर केला, "आण कागद." कागदावर ६०० ओहम आणि १ मिलिवॅट लिहिलं. "आमची लाइन सहाशेची. मिलिवॅट हा आमचा रुपया. सहाशेवर मिलिवॅट पडला की व्होल्ट किती?" ०.००१ गुणिले ६००, त्याचं वर्गमूळ: ०.७७४६. एवढंच. आता साउंडच्या तारांवर कुणी ६०० ओहमचा भार लावत नाही, पण टेलिफोनचा हा व्होल्ट मागे राहिला. भार विसरून नुसता व्होल्ट धरला की डीबीयू, आणि खरोखरचा मिलिवॅट धरला की डीबीएम. ६०० ओहमवर दोन्ही आकडे सारखे दिसतात, म्हणून लोक एकाच्या जागी दुसरं लिहितात. माझ्या जुन्या पावत्यांवरही तसंच आहे.

काका मग थांबेनात. आधी म्हणे मापच नव्हतं, "एवढ्या मैल केबलमधून गेल्यावर आवाज जितका उतरतो तितका" असं सांगायचे. ठरावीक जाडीची केबल, तिचा मैल हेच माप. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या लोकांनी लॉगवरचं माप आणलं आणि १९२८ मध्ये त्याला डेसिबेल नाव दिलं. बेल म्हणजे टेलिफोनवाले ग्रॅहम बेल, डेसि म्हणजे दहावा भाग. पूर्ण बेल कुणी वापरत नाही, फार मोठा पडतो. युरोपात त्याच सुमारास नेपर चालायचा, १६१४ साली लॉगचं पहिलं पुस्तक काढणाऱ्या नेपिअरच्या नावाचा. एक नेपर म्हणजे ८.६८६ डीबी. आपल्या कामात लागणार नाही, पण काकांच्या मानासाठी शीटमध्ये एक ओळ टाकली.

१४ मार्च

धुळवड. काम बंद. एक माइक रंगात भिजून आला, तो वाळत ठेवलाय.

१८ मार्च

भाच्याचे दहावीचे पेपर काल संपले, आज सकाळी तो दुकानात हजर. शीट बघून पहिलं वाक्य, "मामा, तुम्ही हे लई अवघड करून ठेवलंय."

माझ्या शीटमध्ये डीबीयूवरून डीबीव्ही, डीबीव्हीवरून डीबीएम, असं प्रत्येक जोडीचं वेगळं सूत्र होतं. पाच मापं आणि वीस सूत्रं, त्यातली तीन चुकलेली. त्यानं सगळं पुसलं. आता कुठलाही आकडा आला की आधी त्याचा व्होल्ट करायचा, आणि व्होल्टवरून पाहिजे त्या मापात जायचं. प्रत्येक मापाला फक्त त्याचा तळ माहीत पाहिजे. पाच मापं, पाच ओळी.

त्यातून निघालेले रोजच्या कामाचे आकडे इथेही लिहितो. डीबीव्हीमध्ये २.२ मिळवले की डीबीयू होतो. म्हणून रेकॉर्डरचे −१० डीबीव्ही म्हणजे −७.८ डीबीयू, व्होल्टमध्ये ०.३१६. आणि मिक्सरच्या +४ मधला खरा फरक ११.८ डीबी, माझे ते चौदा नव्हेत.

दुपारी पोरानं विचारलं, दोन डीबीयूंची बेरीज का करायची नाही? मला पटकन सांगता येईना. तोच थोड्या वेळानं म्हणाला, "मोंढ्यात सोयाबीन शंभरनं वाढलं म्हणतात ती वाढ. आजचा भाव हा भाव. भावात वाढ मिळवली तर नवा भाव निघतो. भावातून भाव काढला तर वाढ निघते. भावात भाव मिळवून काय निघणार, डोंबल?" नुसता डीबी म्हणजे वाढ, डीबीयू म्हणजे भाव. पत्रकाच्या माथ्यावर हेच लिहायचं ठरलं, डोंबल वगळून.

२० मार्च

मिक्सरच्या मोठ्या आउटपुटवर, तीन पिनांच्या, मीटर लावला. पिन १ आणि २ मध्ये ०.६१. अर्धाच! म्हणजे ६ डीबी गायब. भाचा शीटमध्ये चूक शोधत बसला. शीट बरोबर होती. या आउटपुटला सिग्नल २ आणि ३ या दोन पिनांवर उलटसुलट येतो आणि जमिनीच्या हिशेबानं प्रत्येकीवर अर्धाच असतो. २ आणि ३ मध्ये मोजलं, १.२३. एकच तार घेऊन काम चालवणारे इथेच ६ डीबी घालवतात आणि मग मिक्सरला शिव्या देतात. रेकॉर्डरला मी ऑक्सच्या, म्हणजे जादा आउटपुटच्या, साध्या जॅकमधून देतो, तिथे पूर्ण १.२३ मिळतो.

२३ मार्च

आजचा दिवस कामाचा. रेकॉर्डरच्या पडद्यावरचं शून्य म्हणजे नेमके किती व्होल्ट, हे त्याच्या कागदावर कुठंच नाही. पडद्यावरचं माप डीबीएफएस, त्याचा तळ खाली नसून वर आहे. शून्य म्हणजे यंत्राच्या आकड्यांची कमाल मर्यादा, त्याच्या वर जागाच नाही. आणि ती मर्यादा कुठल्या व्होल्टला येते हे प्रत्येक यंत्राचं वेगळं. तेव्हा मोजूनच काढायचं.

मोबाईलवरून १०० हर्ट्झचा टोन, मीटरवर ०.३१६ व्होल्ट येईपर्यंत आवाज कमी-जास्त केला. मोबाईलच्या आवाजाला पायऱ्या असतात, नेमका आकडा बसेना. शेवटी मध्ये व्हॉल्यूमचा पॉट टाकला आणि नखानं फिरवत आणला. रेकॉर्डरचं लाइन इन, त्याची पातळीची चकती पूर्ण, पडद्यावर −१४.

म्हणजे −१० डीबीव्हीला −१४ दाखवतो. मग शून्य येणार +४ डीबीव्हीला, १.५८ व्होल्टला. डीबीयूमध्ये +६.२.

आणि मी मिक्सरमधून देत होतो +४ डीबीयू. शून्यापासून फक्त २.२ डीबी खाली! मिक्सरच्या दिव्यांवरचं शून्य ही सरासरी पातळी. महाराज सरासरीत बोलत असतात तोवर भागतं. पण त्यांनी अभंगाचं चरण उचललं, टाळकऱ्यांनी साथ दिली, मृदंगाची थाप पडली, की शिखर सरासरीच्या पंधरा डीबी वर जातं. जागा दोनची, माणसं पंधरा. फाटणारच. मंडपात फाटलं नाही कारण मिक्सर आणि मशीनला वर जागा होती. कमिटीवाल्याच्या "मोबाईलमधीच काऊन"चं उत्तर हे.

गंमत अशी की मी गेल्या वर्षी रेकॉर्डरची चकती खाली घेतली होती. या रेकॉर्डरमध्ये चकती पहिल्या टप्प्याच्या नंतर आहे, टप्पा आधीच कापून बसलेला असतो. पडदा −६ दाखवतो आणि आत सगळं सपाट. हे आज टोन वाढवत नेऊन डोळ्यानं बघितलं.

२६ मार्च

केबलवाला मित्र त्याचा मीटर घेऊन आला. त्याचा नवा पोरगा म्हणतो सिग्नल −४४, याचा मीटर म्हणतो ६५, आणि दोघांची जुंपलेली. एक मायनस, एक पासष्ट, कोण खरं?

शीटमध्ये अजून एक ओळ टाकली: डीबी मायक्रोव्होल्ट, तळ १ मायक्रोव्होल्ट. केबल ७५ ओहमची असल्यानं १ मिलिवॅट म्हणजे ०.२७४ व्होल्ट, म्हणजे १०८.७५ डीबी मायक्रोव्होल्ट. ६५ मधून १०८.७५ गेले, राहिले −४३.७५ डीबीएम. दोघंही एकच सिग्नल मोजत होते. मित्र हसायच्या ऐवजी चिडला, "चार दिस भांडलो ना राव आम्ही." ५० ओहमच्या वायरलेस सेटसाठी हा आकडा १०७ होतो, तोही लिहून ठेवला. इथे ओहम माहीत असल्याशिवाय पालट करताच येत नाही.

२८ मार्च

लीड बनवली. सरासरी पातळी −२० डीबीएफएसच्या आसपास बसवायची, म्हणजे शिखरांना वर वीस डीबी जागा. कमी करायचे १७.८. खणात १० किलोओहम आणि दीड किलोओहम होते. दहा आडवा, दीड जमिनीला. १.५ भागिले ११.५, डीबीत −१७.७. याहून जवळ कशाला जायचं?

दोन्ही रेझिस्टर जॅकच्या आतच बसवले. आडव्याच्या पायाला बारीक नळी चढवली, नाहीतर जॅक आवळताना तो बॉडीला टेकतो. भाच्यानं पहिल्यांदाच सोल्डरचा डाग दिला. पहिला करडा, दाणेदार निघाला. तो काढून दुसरा दिला, तो चकाकला.

मोजलं तर मिक्सर +४, रेकॉर्डर −२१. हिशेबानं −१९.९ यायला पाहिजे होते. डीबीभराचा फरक. मी म्हटलं सोडून दे, एका डीबीनं काय होतंय. पोरगं सोडेना. रेकॉर्डरचा कागद पुन्हा वाचला त्यानं: इनपुट १० किलोओहम. म्हणजे आमच्या दीड किलोला रेकॉर्डरचे दहा समांतर येतात आणि खालचा रेझिस्टर १.३ किलोच उरतो. पुन्हा हिशेब: १.३०४ भागिले ११.३०४, −१८.८ डीबी. मग +४ मधून १८.८ गेले, −१४.८ डीबीयू. त्यातून ६.२ गेले, −२१.०. पडद्यावर −२१.

त्याच्या चेहऱ्याकडे बघून वडापाव मागवले.

३० मार्च

गुढीपाडवा. गुढी उभारून गावात गेलो, मंडपाची जागा बघितली. पारावर सगळे जमले होते. मागणी एकच: "औंदा एक मशीन जास्त लावा, आवाज डबल पाह्यजे."

२५० वॅटच्या जागी ५०० केले की वाढतात ३ डीबी. कानाला "जरासा मोठा" इतकंच कळतं. माणसाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे वॅट दहापट. अडीच हजार वॅट! पारावर हे सांगून उपयोग नाही हे मला माहीत होतं, तरी सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "मंजे दहा बैल जुपल्यावर गाडी दोन गाड्याएवढी पळती म्हण." इतकं नेमकं मला जमलं नसतं.

३ एप्रिल

आज हवेतल्या आवाजाचा हिशेब. इथला तळ २० मायक्रोपास्कल, निरोगी कानाला मधल्या सुरांत जेमतेम ऐकू येईल इतका दाब. १ पास्कल म्हणजे त्याच्या ५०,००० पट, म्हणजे ९४ डीबी. माइकच्या कागदावर "प्रति पास्कल" असतं ते या ९४ ला धरून. कमिटीच्या जुन्या माइकच्या कागदावर −७४ छापलंय. भाचा म्हणाला हा माइक वीस डीबीनं बाद. बाद नाही, जुना कागद मायक्रोबारवर आहे. १ पास्कल म्हणजे १० मायक्रोबार, दाबाची दहापट म्हणजे २० डीबी. −७४ आणि −५४ एकच.

मग भोंगा. कमिटीला वेशीवर भोंगा पाहिजेच. त्याच्या कागदावर १ वॅटला १ मीटरवर १०५ डीबी. ४० वॅट दिले तर १६ डीबी वाढून १२१. मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात: २, ४, ८, १६, ३२ मीटर, पाच वेळा दुप्पट, तीस डीबी. ३२ मीटरवर ९१ उरले.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ डीबी(ए), म्हणजे कानाच्या हिशेबानं तोललेले डीबी, आणि रात्री ४५. लाउडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे आपल्याला ६५. आपण २६ डीबी वर. वॅटमध्ये २६ डीबी म्हणजे चारशे पट. ४० वॅटला चारशेनं भागा, एक दशांश वॅट! भोंग्यासमोर, बत्तीस मीटरवर, नियमात राहायला मशीनमधून इतकंच जायला पाहिजे. हा आकडा मी तीनदा तपासला.

वेशीचा भोंगा रद्द. मंडपात खांबाखांबाला छोटे कॉलम स्पीकर, लोकांच्या जवळ आणि कमी आवाजात. बेरजेचंही सांगून ठेवलं: ६२ डीबीचे दोन कॉलम मिळून १२४ होत नाहीत, ६५ होतात. आणि ६२ शेजारी ५२ चा लावला तर ६२.४, असून नसून सारखा. कीर्तन दहाच्या आत संपवायचं, हे पोलीस पाटलांनीच कमिटीला बजावलंय. मला बोलायची वेळ आली नाही.

मोजायला कॅलिब्रेटर नाही. ती डबी माइकवर बसवली की ९४ डीबीचा टोन देते, पण परभणीत कुणाकडे मिळाली नाही. मोबाईलचं ॲप आहे. त्याचा आकडा मी मानत नाही, पण त्याच मोबाईलनं दोन जागी मोजलेला फरक मानतो. मंडपाच्या मध्यावर ८२, हद्दीच्या भिंतीशी ६४. ८२ ला किंमत नाही, अठराला आहे.

६ एप्रिल

सप्ता बसला. काकडा पहाटेच झाला, मी पारायणाच्या वेळी पोचलो. संध्याकाळी पहिलं कीर्तन. पत्रक लॅमिनेट करून रॅकच्या झाकणाला आतून चिकटवलंय. त्यावर शेवटी भाच्यानं एक साखळी लिहिली, ती आज जशीच्या तशी बसली: महाराजांच्या तोंडाशी १०४ डीबी, माइकमधून −४४ डीबीव्ही म्हणजे ६.३ मिलिव्होल्ट, डीबीयूमध्ये −४१.८. मिक्सरनं ४५.८ वाढवले, +४. लीडनं १८.८ खाल्ले, −१४.८. रेकॉर्डरवर −२१. हवेतून निघालेला आकडा पाच मापं बदलत पडद्यावर पोचला.

गजरात शिखर −५ पर्यंत गेलं. शून्याला एकदाही शिवलं नाही. मी मात्र तीन तास पडद्याकडेच बघत होतो, कीर्तन कशावर झालं ते विचारू नका.

८ एप्रिल

रेकॉर्डिंगमध्ये घूं. काल नव्हतं. जनरेटरवर गेल्यापासून आलंय. मिक्सर एका बोर्डावर, रेकॉर्डरचा चार्जर दुसऱ्या बोर्डावर, जमीन दोन वाटांनी जुळत असणार. चार्जर काढला की घूं थांबतं, पण बॅटरी पूर्ण कीर्तन टिकत नाही. काकांना फोन केला. त्यांच्या पेटीत ६०० ओहमचा एकास एक ट्रान्सफॉर्मर होता, खात्यातल्या दिवसांचा. भाचा मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला. लीडच्या आधी लावला, घूं गेलं. पातळी अर्ध्या डीबीपेक्षाही कमी हलली. टेलिफोनचे सहाशे ओहम शेवटी कामाला आलेच.

१२ एप्रिल

हनुमान जन्म सूर्योदयाला, नंतर काल्याचं कीर्तन, महाप्रसाद. सामान आवरायला दुपारचे तीन वाजले. ऊन असं की रॅकच्या पट्टीला हात लागत नव्हता. लॅमिनेशनचा एक कोपरा सुटलाय.

१३ एप्रिल

फायली पेनड्राइव्हवर दिल्या. तासाभरात कमिटीचा फोन: "भाऊ, औंदा फाटलं नाही, पण आवाज लई बारीक आलाय."

बरोबर आहे. सरासरी −२१ वर बसवलेली. शिखरं बहुतेक −५ च्या खाली, तीनचार ठिकाणी मृदंग −३ ला टेकतोय. तेवढे शेंडे हातानं उतरवून बाकी सगळं ४ डीबीनं उचललं आणि फायली पुन्हा पाठवल्या. सोळा बिटमध्ये ९६ डीबीची जागा असते, त्यातली वीस वरून मोकळी सोडली तरी खाली मंडपातल्या पंख्यांचा आवाज आधी लागतो, तेव्हा उचलल्यानं काही बिघडलं नाही.

पत्रकात दुरुस्ती: ट्रान्सफॉर्मरची ओळ घालायची. लीडवर "१८.८" अशी चिठ्ठी लावली. ट्रान्सफॉर्मर काकांना परत द्यायचा आहे, पण ते म्हणाले, राहू दे तुझ्याकडंच.